एकच उशी

ऑकलंड, ६ जुलै १९९८

ती. हुहानाताईस,

धाकट्या मेरेआनाचा सा. न. वि. वि.

पोचले. बसमधून उतरल्या उतरल्या परत फिरावंसं वाटलं, पण बसच पुढे निघून गेली, म्हणून राहिले. वसतिगृहातली खोली बरी आहे. तू बांधून दिलेला वाळवलेला शार्क मी दोन पिशव्यांत गुंडाळून कपाटात खाली ठेवलाय, तरी मजल्यावरच्या पोरी, हा वास कसला, कुठला नळ तुंबलाय म्हणून विचारत फिरताहेत. मीही त्यांच्याबरोबर शोधल्यासारखं करते.

ताई, बाकी कुणाला सांगणार नाही, तुला सांगते. मला फार भीती वाटते. वीस-बावीस वर्षं पुवाईच्या दवाखान्यात नर्स म्हणून काढली, खाडीच्या दोन्ही काठांवरच्या अर्ध्या लोकांना सुया टोचल्या, आणि आता या वयात आरोग्यशास्त्राच्या पदविकेला बसलेय. वर्गात सगळ्या मोठमोठ्या इस्पितळांतल्या. बोलतात ते निम्मं माझ्या डोक्यावरून जातं. परवा बाईंनी बिघडलेल्या हृदयाची घरघर ऐकायला टेप लावली. सगळ्यांनी माना डोलावल्या, म्हणून मीही डोलावली. मला ठोक्यांशिवाय काहीच ऐकू आलं नव्हतं. मटणाच्या कारखान्यात तरुणपणी यंत्रांच्या गोंगाटात कान गेले की काय, या विचाराने जेवण गेलं नाही.

महिनाअखेरीला प्रत्यक्ष परीक्षा. अनोळखी रोगी समोर बसवणार, त्याची चौकशी करायची, छाती ऐकायची, आणि दोन परीक्षक कोपऱ्यात बसून बघणार. त्यात नापास झाले तर दवाखान्याने दिलेली रजा वाया, आणि गावात तोंड दाखवायची पंचाईत.

एक गंमत सांगते. आमच्या लॉरिमरबाई म्हणाल्या, हृदयाचा रोगी असेल तर त्याला हमखास विचारायचं, झोपताना उशा किती घेता? हृदय थकलं की छातीत पाणी साचतं, आडवं पडलं की जीव गुदमरतो, मग माणूस उशांवर उशा रचून उंच झोपतो. सगळ्यांनी लिहून घेतलं. मी मनात म्हटलं, आमच्या हुहानाताईच्या घरी या आणि एकापेक्षा जास्त उशी मागून दाखवा. हसू आवरेना. बाईंनी बघितलं.

फोन मुद्दामच करत नाही. आपल्या घरात फोन वाजला की काय होतं ते मला ठाऊक आहे. तू मात्र लिहीत जा.

मला शिव्या घालायच्या असतील तर त्याही पाकिटात घाल, पण माया कमी करू नकोस.

तुझी,
मेरेआना

*

पुवाई, १४ जुलै १९९८

चि. मेरेआनास अ. उ. आ.

पत्र मिळालं. शार्क लपवून खातेस, लाज वाटत नाही? त्या पोरींना एकेक तुकडा दे. ज्यांना आवडेल त्या आपल्या, बाकीच्या नळ शोधोत.

परीक्षेचं भय घेऊ नकोस. लहानपणी तुला कोंबड्यांचं भय वाटायचं, तरी अंडी तूच आणायचीस. रडत आणायचीस, पण आणायचीस.

मोठी बातमी म्हणजे ओरिवा आली. गेल्या बुधवारच्या फेरीबोटीने, एक पिशवी आणि सातवा महिना घेऊन. तिचा नवरा दक्षिणेकडे जंगलतोडीच्या कामावर आहे, बाळाच्या वेळेला येतो म्हणालाय. मी म्हटलं, पोरी, आलीस ते बरं केलंस. तिची आई गेल्यापासून मी तिला आईसारखंच वाढवलं, पण चार वर्षांनी घरी येऊन अशी पोट धरून दारात उभी राहिली तेव्हा मला क्षणभर माझी तेपोराच उभी आहे असं वाटलं.

पोरगी मात्र आळशी झालीय. धक्क्यापासून घरापर्यंत चढताना तीनदा बसली. कपडे वाळत घालते तर मधेच दोरीला धरून उभी राहते. खोकतेही. मी म्हटलं, मी तुझ्या आईच्या वेळेला शेवटच्या दिवशी बटाटे खणत होते. तर हसते नुसती.

उशांवरून मात्र आमचं चांगलंच वाजलं. एक दिवस खोलीत जाते तर काय, पाहुण्यांच्या सगळ्या उशा तिने ओढून आणलेल्या, एकावर एक रचलेल्या, आणि बाईसाहेब पाठ टेकून बसल्यात! एक तर बुडाखाली! अगं, उशी डोक्याची. ज्यावर डोकं ठेवायचं त्यावर कमरेखालचं अंग टेकवायचं नाही, हे आजीने आपल्याला कान पिळून शिकवलं, मी तिला शिकवलं. शहरात राहून सगळं विसरली. मी सगळ्या उशा उचलल्या आणि कपाटात घालून किल्ली माझ्याकडे ठेवली. एक डोक्याला दिली, बास. बिचारी लाजून लाल झाली, एक शब्द उलट बोलली नाही. पण हट्टी केवढी बघ, तेव्हापासून पलंगावर झोपतच नाही. चुलीपाशी माझ्या खुर्चीत बसून डोळे मिटते. सकाळी उठून बघावं तर तिथेच, पुढे वाकून, हात गुडघ्यांवर.

काल सुईणबाई येऊन गेल्या. रक्त कमी आहे म्हणाल्या, लोहाच्या गोळ्या दिल्या. आणि ऐक, त्यांनीही तुझ्या बाईंसारखंच विचारलं, झोपताना उशा किती घेतेस? ओरिवाने शहाण्या मुलीसारखं सांगितलं, एक. मला इतकं बरं वाटलं. म्हटलं, ऐकलं तर खरं.

दोघींना आशीर्वाद देऊन देऊन माझी झोळी रिकामी होत नाही, हे लक्षात असू दे.

तुझी,
हुहानाताई

*

ऑकलंड, १८ जुलै १९९८, शनिवार

ती. ताईस सा. न. वि. वि.

ताई, फोन उचल. देवासाठी फोन उचल.

तुझं पत्र आता दुपारी हातात पडलं. जिन्यात उभी राहून वाचलं. शार्कपाशी हसले, उशांपाशी आले आणि थांबले. मी खाली पायरीवर बसले आणि परत वाचलं. तीनदा बसली. खोकते. खुर्चीत पुढे वाकून झोपते. ती हट्टी नाही गं. ती आडवी पडू शकत नाही. तिच्या छातीत पाणी भरतंय.

मी जिन्याखालच्या फोनपाशी आहे. पलीकडे घंटा वाजते, वाजते, आणि कुणी उचलत नाही. तू घरात आहेस हे मला माहीत आहे, शनिवारी तू पाव भाजतेस. तू ऐकते आहेस आणि उचलत नाहीस. तेपोरा गेल्याचा फोन तू उचलला होतास, भावोजींच्या वेळचाही तूच. मला सगळं कळतं. पण ताई, आज कुणी मेलेलं नाही. अजून कुणी मेलेलं नाही, म्हणून तर करतेय.

दवाखान्यात यंत्र बोलतं, सोमवारी या. रुग्णवाहिकेला सांगितलं, तर रोगी कसा आहे विचारतात. मी काय सांगू, मी इकडे बसलेय! घरातल्या कुणीतरी बघून सांगावं म्हणतात.

तुला आठवतं, ओरिवा नऊ वर्षांची असताना एका हिवाळ्यात तिचे गुडघे सुजले होते? आधी घसा धरला, मग एक गुडघा, मग दुसरा, मग कोपर. अंगणातून आत उचलून आणावं लागायचं. आपण म्हटलं, वाढतं वय आहे, आणि तेल चोळलं. मीही तेल चोळलं. तो सांध्यांचा ताप होता. तो गुडघे सोडून जातो आणि हृदयाच्या झडपेवर बसून राहतो. गेल्या सोमवारीच शिकले हे. बाळ पोटात वाढायला लागलं की हृदयाला दीडपट काम, आणि मग ती झडप पुरी पडत नाही.

आता शेजारच्या एरुएराच्या दुकानावर फोन लावते. तो तरी उचलेल. हे पत्र तुला मिळेल तेव्हा काय झालेलं असेल मला माहीत नाही. घंटा वाजत असताना हाताला काहीतरी हवं म्हणून लिहितेय.

उचलला. एरुएराने उचलला.

मे.

*

पुवाई, १९ जुलै १९९८

चि. मेरेआनास अ. उ. आ.

ते तिला घेऊन गेले. तू एव्हाना तिच्यापाशी असशील. माझं पत्र शिळं होऊन येईल, तरी लिहिते, कारण घरात बोलायला कुणी नाही.

मी फोन ऐकला, मेरेआना. हात पिठात होते. वाजला तशी मी थिजले. ओरिवा खुर्चीतून माझ्याकडे बघायला लागली. मी तिला म्हटलं, राहू दे. ती उठायला बघत होती, तर मी रागावले. मला वाटलं, तिचा नवरा. झाड पडलं असेल अंगावर. उचलला नाही तर अजून थोडा वेळ तो जिवंत राहील, असं माझ्या वेड्या डोक्यात आलं. थांबला की सुटल्यासारखं वाटायचं, मग परत वाजायचा. मी पीठ मळतच राहिले. तो पाव दगडासारखा झाला, कोंबड्यांनीही खाल्ला नाही.

मग एरुएरा धावत आला. या वयात मी त्याला धावताना बघितलं नव्हतं. आत येऊन डोक्यावरची टोपी काढली आणि जेवणाच्या टेबलावर टाकली, जिथे डोक्याचं काही ठेवायचं नाही. मी काही बोलले नाही, यावरून काय ते समज. तो म्हणाला, मेरेआनाचा फोन होता, ओरिवाचे ओठ बघायला सांगितलेत. आम्ही दोघांनी बघितले. जांभळे. मी थंडी म्हणत होते.

तो म्हणाला, तिला सरळ बसवा आणि घरातल्या असतील तेवढ्या उशा पाठीमागे द्या, असा निरोप आहे. मी कंबरेची किल्ली काढली. कपाटाच्या कुलपात किल्ली बसेना, शेवटी त्यानेच उघडलं. मी माझ्या हाताने एकेक उशी तिच्या पाठीला लावली, कमरेला लावली, माझी स्वतःची डोक्याची उशीही लावली. आजी वरून बघत असेल तर बघो. ओरिवा मला म्हणत होती, कुई, अगं आजी, नको, राहू दे, मी बसते अशीच. श्वास पुरत नव्हता तरी मलाच समजावत होती.

हेलिकॉप्टर मराएच्या सभागृहामागच्या रग्बीच्या मैदानात उतरलं. सगळं गाव जमलं. मी कपड्यांची पिशवी, शाल, सगळं घेऊन तयार झाले, तर जागा नाही म्हणाले. दार लागलं. पाद्रीबाबांनी प्रार्थना म्हटली, पण त्या घरघराटात त्यांचे नुसते ओठ हलताना दिसले. देवाला तरी ऐकू गेलं असेल का?

सुईणबाईंनी बरोबर प्रश्न विचारला होता गं. तिने उत्तरही खरं दिलं होतं. एकच उशी होती. बाकीच्या मी कुलपात घातल्या होत्या.

मला खोटं सांगू नकोस. जे असेल ते लिही.

आशीर्वाद देते, पण आज या हातांचा भरवसा वाटत नाही.

हुहाना

*

ऑकलंड, २३ जुलै १९९८

ती. ताईस सा. न. वि. वि.

जे आहे ते लिहिते.

ओरिवा आहे. बाळ आहे. दोघांचे ठोके चालू आहेत. औषधाने छातीतलं पुष्कळ पाणी काढलं, ओठ आता बरे दिसतात. तिने काल तुझ्या हातच्या पाणभाजी घातलेल्या डुकराच्या हाडांच्या रश्श्याची आठवण काढली, म्हणजे बघ. मी सांगितलं, मिठाचं नाव काढायचं नाही. तर म्हणते, मग हाडं तरी चोखू द्या.

पण धोका टळलेला नाही. तिच्या हृदयाची एक झडप दाराच्या फटीएवढीच उघडते. अशा हृदयाने ती बाळंतपण काढू शकणार नाही, असं मोठे डॉक्टर स्पष्ट म्हणाले. मंगळवारी मांडीतल्या शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत नेणार, तिच्या टोकाला फुगा असतो, तो झडपेत फुगवून फट रुंद करणार. बहुतेक वेळा चांगलं होतं. कधी झडप फाटते. मग छाती उघडावी लागते, आणि बाळ पोटात असताना छाती उघडणं म्हणजे काय, ते मी तुला लिहीत नाही. तू खोटं लिहू नकोस म्हणालीस, कमी लिहू नकोस म्हणाली नाहीस.

मी परवा तिची छाती ऐकली. डॉक्टरांनी तिला डाव्या कुशीवर वळवलं आणि मला ऐकायला सांगितलं. मी कान लावून बसले. आणि ताई, ऐकू आलं. ठोक्यांच्या मधे, खूप खाली, घाटात दूरवर ट्रक चढत असावा तशी घरघर. टेपवर कधी ऐकू आली नव्हती. माझे कान शाबूत आहेत. हे कळायला आपलीच पोरगी लागावी, याचा इतका राग आला की मी बाहेर जाऊन रडले.

एक सांगते ते नीट ऐक. कुलपाचं परत परत मनात आणू नकोस. वर्गात मीही त्या प्रश्नाला हसले होते. हसण्याऐवजी तेव्हाच उभी राहून बाईंना म्हणायला हवं होतं की आमच्या घरात या प्रश्नाचं उत्तर एकच येतं, माणूस बुडत असला तरी एकच. ते काल जाऊन सांगितलं. बाईंनी ते वहीत लिहून घेतलं.

परीक्षाही मंगळवारीच आहे, त्याच वेळेला. मी जाणार नाही. बाईंना तेही सांगून आले. पुढे काय होईल ते होईल.

आता फोनचं. मंगळवारी सगळं आटोपलं की मी घरी फोन करीन. तू उचलायचा. आजपासून आपल्यात ठरलं असं समज: वाईट असेल तर मी फोन करणार नाही. पहिल्या गाडीने येईन, धक्क्यावर उतरून चालत येईन आणि दारात उभी राहून तोंडाने सांगीन. फोन वाजला म्हणजे ओरिवा आहे. वाजला की धावायचं.

तुझ्या मायेवरच इथे उभी आहे, ती तशीच राहू दे.

मेरेआना

*

इस्पितळातून, सोमवार, २७ जुलै

प्रिय कुई,

तुला खूप खूप नमस्कार, आणि गालाला गाल.

मेरेआना मावशीआजी लिही म्हणाली म्हणून लिहितेय. मला लिहिता येत नाही चांगलं, तू हसू नकोस.

उद्या फुगा घालणार आहेत. मी सगळ्यांना सांगितलं मला भीती वाटत नाही. तुला सांगते, वाटते. नर्स दिवा मालवून गेली की मी पोटावर हात ठेवते, तो लाथ मारतो, मग मी म्हणते ठीक आहे, आणखी एक, आणखी एक.

मी तुला तेव्हाच सांगायला हवं होतं की आडवी पडले की बुडाल्यासारखं होतं. पण तू उशा उचलून नेल्यास तेव्हा इतकी लाज वाटली, म्हटलं चार वर्षांनी घरी आले आणि आल्या आल्या तुझा नियम मोडला. म्हणून खुर्चीत बसले. खुर्ची चांगली आहे कुई. तुझ्या शालीचा वास येतो तिला.

इथे माझ्या पाठीमागे किती उशा आहेत बघशील तर ओरडशील. पण डोक्याची वेगळी ठेवलीय. तिच्यावर मी तुझा फिरोजी रुमाल घातलाय, म्हणजे नर्सना कळतं की ती हलवायची नाही.

मला काही झालं तर बाळाला तूच ठेव. त्याच्या बापाला मी सांगितलंय, तो रडला आणि हो म्हणाला. पण मला काही व्हायला नको आहे.

तुझी मोको, तुझी नात,
ओरिवा

*

पुवाई, २८ जुलै १९९८

चि. मेरेआनास अ. उ. आ.

फोन ठेवला आणि लगेच लिहायला बसले. फोनवर मला एक शब्द बोलता आला नाही, म्हणून जे बोलायचं होतं ते इथे.

सकाळपासून मी फोनसमोर खुर्ची टाकून बसले होते. आयुष्यात पहिल्यांदा त्या काळ्या डबड्याला म्हणत होते, वाज मेल्या, वाज. तो ढिम्म. दोनदा उचलून बघितला, चालू आहे की नाही म्हणून, आणि मग वाटलं नेमका त्याच वेळी तू लावला असशील तर? झटकन ठेवला.

फेरीबोट आली. मी खिडकीकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं. बघितलंच. चढावरून कुणीतरी चालत येत होतं. काळा कोट. एकटं. तू म्हणाली होतीस चालत येईन. मी दाराला आतून कडी घातली. फोन उचलायचा नाही म्हणजे मरण आत येत नाही, तसं आता कडी लावली की येणार नाही, असलं काहीतरी. दारावर टकटक झाली. मी तोंडात शालीचं टोक कोंबून उभी. परत टकटक. मग बाहेरून पाद्रीबाबांचा आवाज आला, हुहाना, मी नुसताच आलोय, कुणाचा निरोप नाही, तुझ्याजवळ बसावं म्हणून आलो.

मी दार उघडून त्यांना एवढ्या शिव्या दिल्या की पुढच्या रविवारी प्रार्थनेला कुठल्या तोंडाने जाऊ कळत नाही. ते बिचारे टोपी हातात धरून ऐकत होते. आणि शिव्या देता देताच फोन वाजला.

मी धावले. खुर्ची पाडली. उचलला, आणि पलीकडून तू नव्हतीस. पलीकडून तीच होती, कुई म्हणाली. एकाच श्वासात म्हणाली, मधे थांबली नाही. मग पुढे बोलतच राहिली, एकाच श्वासात, आणि मी नुसता तो श्वास ऐकत राहिले.

तुझ्या परीक्षेचं वाईट वाटतं. पण तू गेली असतीस तर मी तुला घरात घेतलं नसतं.

जन्मभर पुरतील एवढे आशीर्वाद आज एकदम पाठवते, जपून वापर.

हुहानाताई

*

ऑकलंड, २५ सप्टेंबर १९९८

ती. ताईस सा. न. वि. वि.

पणतू पाहिलास का, असं विचारायचीही सोय नाही, कारण तो तुझ्याकडेच निघालाय. सोमवारच्या फेरीने तिघं येतील. बाप पिशव्या धरील, ओरिवाला काही उचलू देऊ नकोस. दर महिन्याला पेनिसिलिनची सुई, न चुकता, मी आले की मीच टोचीन, तोपर्यंत दवाखान्यातली मुलगी घरी येईल. चढ तिला चढू दे, पण हळू. रात्री कशी झोपते ते बघ आणि मला कळव. झडप रुंद झाली, पण नवी नाही झाली. मला अजून स्वप्नात घंटा ऐकू येते.

बाळाची वार एका झाकणाच्या मडक्यात दिलीय, आपल्या मातीत पुरायला. बसमध्ये मडकं बापाच्या मांडीवर राहील असं बजावलंय.

माझी परीक्षा काल झाली. लॉरिमरबाईंनी धडपड करून दुसरी तारीख मिळवून दिली. समोर टोंगाकडचे एक जाडजूड आजोबा बसवले होते, चेहरा असा की काहीही विचारा, सगळं उत्तम म्हणणार. परीक्षक वाट बघत होते. मी त्यांना उशांचं विचारलंच नाही. मी विचारलं, आजोबा, सकाळी घरचे उठतात तेव्हा तुम्ही कुठे असता? ते इकडेतिकडे बघत म्हणाले, ओसरीवर, खुर्चीत. मग मी छाती ऐकली.

पास केलं. निकाल भिंतीवर लागला तेव्हा मला आनंद झाला नाही, नुसतं बसून घ्यावंसं वाटलं. डिसेंबरात सगळं संपवून येते. दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येकाला तोच प्रश्न विचारणार आहे, वैताग आला तरी.

वाळवलेला शार्क संपला. दोन पोरी आपल्या निघाल्या.

माया अशीच पातळ न करता पाठवत जा.

मेरेआना

*

पुवाई, ४ ऑक्टोबर १९९८

चि. मेरेआनास अ. उ. आ.

आले सगळे. मडकंही आलं. वार काल सकाळी पुरली, तेपोराची पुरली होती तिथेच, वर एक रोप लावलं. बाळ माझ्याकडे बघून रागाने भुवया चढवतं, म्हणजे आपल्याच घरातलं आहे.

तू झोपेचं कळव म्हणालीस. सांगते.

पहिल्या दिवशी मी कपाट उघडलं आणि होत्या नव्हत्या त्या सगळ्या उशा तिच्या पलंगावर नेऊन रचल्या. कपाटाची किल्ली खाडीत टाकून दिली. एरुएरा म्हणाला, नुसतं कुलूप काढलं असतं तरी चाललं असतं. त्याला काय कळतंय. पाठीच्या उशांना मी निळे अभ्रे शिवलेत, डोक्याच्या उशांना पांढरे. आजीला विचारलं असतं तर एवढं तिने चालवून घेतलं असतं असं मला वाटतं. नसतं घेतलं तरी शिवले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तर चुलीपाशी खुर्ची रिकामी. तिच्या खोलीत गेले. उशा सगळ्या जमिनीवर पडलेल्या. आणि ओरिवा पलंगावर सपाट, उताणी, तोंड उघडं, एक हात खाली लोंबणारा. हलत नव्हती. मेरेआना, त्या दारापासून पलंगापर्यंत मी कशी गेले मला सांगता येणार नाही. मनात म्हटलं, फोन वाजला नाही, कुणी चालत आलं नाही, आणि माझ्याच घरात, माझ्याच छपराखाली. वाकून तिच्या नाकाखाली हात धरला.

घोरत होती. तिच्या आजोबांसारखी, अख्खं तोंड उघडून, आडवी.

मी तिथेच खाली उशांमध्ये बसले. हो, उशांवर बसले, कुणी विचारलं तर मी नाही म्हणणार. बाळ उठून रडेपर्यंत बसून होते. तिला उठवलं नाही. झोपू दे म्हटलं, अशीच झोपू दे.

तू डिसेंबरात ये. फोन करून ये. मी उचलीन.

तुझी, आणि पाठीमागच्या सगळ्या उशांची,
हुहानाताई